शंकरच्या नावावर

४ मार्च १९९१
अंबरनाथ, कंपनीचं कॅन्टीन

चंदर,

जयभीम. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

हे पत्र तुला देणार नाहीये, त्यामुळे अक्षर कसंही काढतोय. कागदही चलनाचा पाठकोरा आहे. तू मुंबईला हॉस्पिटलात छातीला वायरी लावून पडलायस आणि मी इथे एमआयडीसीत ड्रमवर 'ज्वालाग्राही' मारतोय. आजचे बासष्ट झाले. स्टेन्सिल धरायचा, फवारा मारायचा, पुढचा ड्रम. याला तू पेंटरचं काम म्हणणार नाहीस. मीही म्हणत नाही.

शनिवारी दुपारी वॉचमन आत येऊन म्हणाला, "जयदेव, गेटवर एक पोरगी उभी हाय. रडत नाय, पण कधी पण रडंल."

तुझी वेणू. शाळेच्या ड्रेसवर. दोन वर्षांत केवढी उंच झालीय रे. म्हणाली, "काका, बाबांना मुंबईला अ‍ॅडमिट केलंय. हार्टचं आहे. आई आधी म्हणाली, जयदेवकाकाला सांगून ये. मग म्हणाली, नको, बाबांना कळलं तर चिडतील. मी पहिलं ऐकलं."

पोरगी तुझीच आहे.

मग मी गेलो हॉस्पिटलात. सहज. दुसरी पाळी बुडवून कोणी सहज मुंबईला जात नाही, पण तू सहजच समज. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर द्रौपदीवहिनी बसल्या होत्या, चप्पल एका पायात एका जोडाची, दुसऱ्यात दुसऱ्याच जोडाची. मला बघून उठल्या आणि दारात आडव्या आल्या.

"भावजी, आलात बरं झालं. पण आत नका जाऊ. डॉक्टर म्हणाले, पेशंटला राग येईल, धक्का बसेल असं काही व्हायला नको."

"आणि तुम्हाला एकदम मीच आठवलो?"

"तुमचं नाव निघालं की हे ताट सरकवतात. मागच्या महिन्यात रेडिओवर कुणी जयदेव गायला येणार होता, तर ह्यांनी रेडिओ बंद केला."

मला हसू आलं. वहिनींनाही आलं. मग त्या रडल्या, आणि मी खिशात रुमाल शोधत बसलो, जो मी कधीच बाळगत नाही.

दाराच्या फटीतून तुझे पाय दिसले तेवढे. टाचेला पिवळा रंग. बदलापूरच्या शाळेचा असणार. तिथेच ना, शुक्रवारी भिंतीवर नाव लिहिताना तू शिडीवरून अर्ध्यात उतरलास, पायरीवर बसलास, घामाने शर्ट भिजला आणि शिपायाने तुला रिक्षात घातलं? शाळेत सगळे म्हणतायत, ऊन लागलं. मार्च लागला नाही तर ऊन लागलं.

तुझ्या जेवणाचा डबा धुवून ठेवलाय. उद्याही सहज जाणार आहे.


७ मार्च
हॉस्पिटल, जिन्याखाली

चंदर,

काल तुझी अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी वहिनींना कागदावर चित्र काढून दाखवलं. मी मागे उभा, गावाकडचा दीर म्हणून. चित्र काही बरोबर नव्हतं, तू काढलं असतंस तर कळलं असतं. एवढं समजलं की तीन नळ्या आहेत, दोन जवळजवळ बंद, तिसरीही वाटेवर. गोळ्यांनी होणार नाही. बायपास. गुरुवारी, चौदा तारखेला. पायातली शीर काढायची आणि छातीत जोडायची.

वहिनी म्हणाल्या, "पायातली काढली तर चालणार कसे?"

डॉक्टर चांगला आहे, हसला नाही. म्हणाला, "पायात जादाच्या असतात बाई. देवाने नाही, निसर्गाने ठेवल्यात." तुला आवडला असता.

अडतिसाव्या वर्षी. बिडी नाही, सिगरेट नाही, दारू सोडून सात वर्षं झाली. चाळीत कुणालाच खरं वाटत नाहीये.

मग डॉक्टरांनी विचारलं, दुखणं केव्हापासून होतं? वहिनी म्हणाल्या, "दुखणं असं नव्हतंच हो. फक्त डावा हात..."

तेवढ्यात मी पाणी आणायला गेलो.

दुसरी गंमत. तू वहिनींना विचारलंस म्हणे, की हा डबा कोण आणतं, औषधं कोण आणतं, रिपोर्ट घेऊन कोण पळतं? वहिनी बावरल्या आणि बोलून गेल्या, "शंकर."

"कोण शंकर? तुझा भाऊ शंकर?" तू म्हणालास. "त्याला स्वतःच्या जेवणाचं ताट उचलता येत नाही."

"वेळ आली की माणूस बदलतो," वहिनी म्हणाल्या.

खरा शंकर परवा बदलापूरहून तुझ्या घरी आला होता. दोन कप चहा प्यायला, "मला हॉस्पिटलचा वास सोसत नाही," म्हणाला आणि गेला. तेव्हा आता मीच शंकर. वाईट एवढंच वाटतं की तू जन्मात पहिल्यांदा त्याचं कौतुक करतोयस.


१२ मार्च
उल्हासनगर, परीक्षा केंद्रासमोर

चंदर,

हा वेणूच्या कालच्या पेपरचा मागचा भाग. दहावीची परीक्षा आणि बापाची छाती एकाच महिन्यात यायची असते का? पण पोरगी एक पेपर चुकवत नाही. वहिनी तिकडे असतात म्हणून मी हिला सोडतो, बाहेर थांबतो, घरी नेतो, मग मुंबईला निघतो. कंपनीत सांगितलंय, भाऊ आजारी आहे. साहेब म्हणाला, तुझ्या फॉर्मवर तर भाऊ नाही. मी म्हटलं, फॉर्म जुना आहे.

आज विज्ञान होतं. वेणू बाहेर आली ती मैत्रिणींना टाळून सरळ माझ्याकडे.

"डायग्राम आला होता काका. हृदयाचा. काढून नावं द्यायची."

"वा! तुझा तर बाबासारखा हात..."

"ऑप्शनला टाकला."

मग तीच म्हणाली, "काढायला घेतला होता. अर्धा आला पण. मग पेन्सिल पुढे जाईना. मी झाडाच्या पानाचा काढला."

रसवंतीत बसलो. तिने रस घेतला, बिनबर्फाचा, परीक्षा आहे म्हणून. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाली, "तुम्ही आणि बाबा का बोलत नाही?"

"मोठ्यांचं असतं काहीतरी."

"म्हणजे चूक तुमची आहे."

"ते कशावरून?"

"बाबांची असती तर तुम्ही सांगितली असती."

गुणपत्रिकेत काय यायचं ते येऊ दे. ही पास आहे.


१३ मार्च
अंबरनाथ

चंदर,

हॉस्पिटलने दहा माणसं मागितली होती रक्ताला. ताजं लागतं, ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीचं. मी म्हटलं दहा काय, एमआयडीसीतून पन्नास आणतो. सोमवारी रात्रपाळी सुटल्यावर गेटवरूनच सात जण घेऊन गेलो. रक्त घेणाऱ्या बाईने एकेकाचे डोळे बघितले आणि सातही परत पाठवले. रात्रभर जागलेल्याचं, उपाशी माणसाचं चालत नाही. घरी जाऊन झोपा म्हणाली. एवढी साधी गोष्ट, माझ्या डोक्यात आली नाही.

मग सुपरवायझरच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्याने सहा जणांची पाळी बदलून दिली. सहा झाले. वर कोण? मी उल्हासनगरात कॅम्प एकला गेलो, टेकचंदसेठच्या दुकानात. हो, त्याच. ज्या कापडाच्या दुकानासमोर आपलं झालं, तिथेच. दोन वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

सेठ गादीवरून उठला. "चंदर को? हार्ट का? अरे साईं, वो तो घोड़े जैसा आदमी है!" आधी पापड आला, मग पाणी, सिंधी लोकांत घरी काय, दुकानात काय, आल्या माणसाला आधी पापड. मग म्हणाला, "मेरा खून तो मीठा है, शुगर है, कोई नहीं लेगा. तीन लड़के ले जा. और टेम्पो भी ले जा."

तर आज सकाळी साडेपाचला तुझ्या चाळीसमोर कापडाच्या गठ्ठ्यांचा टेम्पो उभा राहिला. सहा कंपनीचे, तीन दुकानाचे, सगळे अंघोळ करून, भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखे. वहिनींनी रात्रीच करून ठेवलेले पोहे वेणू वाढत होती.

तुझ्या आईला आपण सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की चंदर मुंबईला हात दाखवायला गेलाय. ठमाबाईंनी त्यावर विश्वास ठेवून रोज निरगुडीचा पाला आणून ठेवला होता, तू आलास की हात शेकायला. आज त्या काठी टेकत बाहेर आल्या, ओट्यावर उभ्या राहिल्या, एकेक माणूस मोजला.

"ही कुनाची वरात रं?"

त्यातलाच एक मठ्ठ म्हणाला, "रक्त द्यायला चाललो आज्जी."

म्हातारी माझ्याकडे वळली. "जयदेव. हात दाखवायला इतक्या मानसांचं रगत लागतं व्हय?"

मी खाली बघितलं.

"आन तू दोन वर्सं कुठं मेला व्हतास?"

त्या आत गेल्या. मला वाटलं आता हंबरडा येईल. आल्या त्या पाल्याचं गाठोडं घेऊन. टेम्पोत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक डहाळी दिली. "सुई टोचत्यात तिथं दुखंल. चोळा." टेकचंदच्या पोरांना कळेना काय करायचं. त्यांनी ती खिशात ठेवली, पेनासारखी.

नऊ जणांचं झालं. दहावं कुणाचं ते विचारू नकोस, शंकरचं समज.


१४ मार्च
हॉस्पिटल

सव्वासात. तुला आत नेलं. मी जिन्याच्या वळणावर होतो. तुझ्यावर हिरवी चादर, डोक्याला टोपी. तू वर छताकडे बघत होतास. तिथे पोपडे निघालेत, तुला दिसलेच असणार.

नऊ. काही नाही.

साडेनऊ. वहिनी म्हणाल्या, काहीतरी बोला भावजी. मी त्यांना ड्रमवर स्टेन्सिल कसा मारतात ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दहा. आता लिहितो. परत पाणी आणायला जात नाही.

त्या दिवशी वहिनी डॉक्टरांना जे सांगत होत्या ते मी दारामागे पाण्याचा जग घेऊन उभा राहून सगळं ऐकलं होतं. "दुखणं नव्हतं हो, फक्त डावा हात भरून यायचा. शिडीवर जास्त. खाली येऊन बसलं की थांबायचं. हे डावखुरे, डाव्यानेच रंगवतात, दिवसभर हात वर. म्हटलं, कामाचा आहे. मी आयोडेक्स चोळायचे, सासूबाई पाला बांधायच्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनेही हाताच्याच गोळ्या दिल्या."

डॉक्टर म्हणाले, "किती दिवस?"

"दोन वर्षं. टेकचंदसेठचा बोर्ड करत होते तेव्हा पहिल्यांदा."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "उजव्या हाताने रंगवणारा असता तर दोन वर्षांपूर्वीच इथे आला असता."

चंदर, त्या दिवशी तू वर होतास आणि मी शिडी धरली होती. खालच्या ओळीत तुझा ब्रश घसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालास, "थांब जरा," आणि खाली उतरून पायरीवर बसलास, डाव्या दंडाला धरून. घाम आला होता तुला. मी बघितला. बघितला होता तो घाम. आणि मी काय केलं, तर वर चढलो, चिंधीने तुझी दोन अक्षरं पुसली आणि गिऱ्हाइकांकडे बघून मोठ्याने म्हणालो, "उस्तादांची अजून उतरली नाही वाटतं!"

तू पाच वर्षं थेंबाला शिवला नव्हतास. हे सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. पहिलं वर्ष तुझ्याबरोबर रोज संध्याकाळी गुत्त्याच्या पलीकडच्या रस्त्याने मीच चालायचो.

सगळे हसले. मी पण. तू ब्रश धुतलास, नीट, दोनदा, आणि म्हणालास, "माझ्या शिडीला परत हात लावू नकोस."

मी समजलो, मी अक्षर पुसलं म्हणून तुला राग आला. दोन वर्षं तेच समजत होतो. कधी कधी तर मनात म्हणायचो, पण अक्षर वाकडं होतंच ना.

तेव्हा मी फक्त "काय होतंय रे?" एवढं विचारलं असतं.

बारा. वहिनींनी विचारलं, एवढं काय लिहिताय? मी म्हटलं, रजेचा अर्ज.

एक वाजला. एक नर्स हसत गेली. तिचं हसणं आपल्याबद्दल होतं की काय यावर आम्ही अर्धा तास बोललो.

सव्वातीन. डॉक्टर बाहेर आले. झालं. तीन जोडल्या. हृदय स्वतःचं स्वतः चालू झालंय म्हणाले. वहिनी त्यांच्या पाया पडायला वाकल्या, त्यांनी धरलं. मी जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीला नवा रंग दिलेला होता. शर्टाला लागला.


१७ मार्च

चंदर,

काल तुझ्या घशातली नळी काढली, बोलायला लागलास. वहिनींनी सांगितलं, पहिलं पाणी मागितलंस. मग वेणूच्या पेपरचं विचारलंस. मग डोळे मिटून म्हणालास, "शंकर जेवला का?"

जेवलो रे.


२४ मार्च
अंबरनाथ

चंदर,

तुला फुगे फुगवायला दिलेत, फुप्फुसासाठी. कॅम्प दोनच्या बाजारातून डझनभर मीच आणले. वहिनी म्हणतात, पहिले तीन दिवस फुगा नुसता ओला व्हायचा. काल एक फुगला. तू तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नातवाला दिलास आणि छातीला उशी धरून खोकलास. खोकताना दोन शिव्या दिल्यास. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी त्या शिव्या मला जशाच्या तशा सांगितल्या.

औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून दिल्यात, सकाळ, दुपार, संध्याकाळ. वहिनींची गडबड व्हायची. परवा सोडतायत तुला, घरीही उपयोगी पडतील.

एक विचारायचं होतं, ते मीच ठरवून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बदलापूरच्या शाळेचं नाव अर्धं राहिलंय. तुम्ही पुरं करून टाका ना. ह्यांच्या जिवाला घोर आहे." मी शनिवारी गेलो तिकडे. भिंत बघितली. तुझी रेघ. शेवटच्या अक्षराचा नुसता दांडा ओढलाय आणि तिथून रंग खाली ओघळलाय, हातभर.

रंग होता, ब्रश होता, शिडी शाळेचीच होती. मी ओघळसुद्धा पुसला नाही.

हेडमास्तरांना सांगितलं, ज्याचं आहे तो येऊन पुरं करेल, दोन-तीन महिने लागतील. ते म्हणाले, "लागू द्या. तोपर्यंत पोरं अर्ध्या शाळेत येतील." मी वरून गोणपाट बांधून आलो, धूळ बसायला नको.


३१ मार्च
तुझ्या घराच्या मागच्या अंगणात

चंदर,

तू आत बसलायस, मी मागे. मध्ये एक पत्रा. तुझा आवाज बारीक झालाय पण तुझाच आहे.

घरी आल्यापासून तू धोशा लावलास, शंकरला जेवायला बोलवा, त्याने माझ्यासाठी एवढं केलं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी खऱ्या शंकरला बोलावलं आणि येण्याआधी पढवलं. मी त्याला पाटीवर काढून दाखवलं, कुठला मजला, कुठला वॉर्ड. तो म्हणाला, "कळलं, कळलं," आणि पान लावत होता.

मी कोथिंबीर द्यायला आलो होतो, मागच्या मागे निघणार होतो. पण तू बोलायला लागलास.

"शंकर, मी कितव्या मजल्यावर होतो रे?"

"वरच. वरच्याच मजल्यावर."

"आणि त्या लिफ्टवाल्या म्हाताऱ्याशी तुझी दोस्ती झाली होती म्हणे."

"हां, तो! लई चांगला मानूस. म्हातारा, पन चांगला."

चंदर, लिफ्टला म्हातारा नव्हता. कोणीच नव्हतं, बटणं होती. मला भीती वाटली की गोळ्यांनी तुला भास होतायत. वहिनींना खूण करणार होतो की डॉक्टरांना विचारा. आणि तू तर पुढे चालूच, "रक्त पण दिलंस म्हणे. कुठल्या हातातून काढलं?" शंकरने आधी एक हात पुढे केला, मग दुसरा.

मग तू त्याला शर्टपीस दिलास. मरून रंगाचा. म्हणालास, "शंकर, तू केलंस ते सख्खा भाऊ करणार नाही."

मी कोथिंबिरीच्या काड्या मोडत बसलो होतो. मी दीड महिना... जाऊ दे. चार आठवडे आणि एक दिवस. मोजायचं नव्हतं. पण मरून मला चांगला दिसतो, हे वहिनींनाही माहीत आहे.


५ एप्रिल
अंबरनाथ

चंदर,

काल तपासणीला डॉक्टरांनी टाके बघितले. चांगलं आहे म्हणाले. चालायला हरकत नाही, माणसं भेटायला हरकत नाही, जड उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. मी दाराबाहेरून वहिनींकरवी विचारलं, "एखादी जुनी भांडणाची गोष्ट कळली तर?" डॉक्टर म्हणाले, "कळू दे. पण ऑपरेशनपासून तीन महिने आरडाओरडा नाही. भांडायचंच असेल तर त्यानंतर."

म्हणून ही सगळी पत्रं वेणूकडे देतोय. आजवर ठरवलं होतं की द्यायची नाहीत. शंकर म्हणून राहायला माझी हरकत नव्हती. आडून का होईना, तुझा डबा भरता येत होता. पण मग तुला कायमच वाटत राहील की तू त्या दिवशी कामात कमी पडलास आणि लोक हसले. तसं नव्हतं. ते तुला समजायला पाहिजे, आणि ते माझ्या तोंडून.

काल संध्याकाळी मी टेकचंदच्या दुकानात गेलो. लग्नसराई, दुकान भरलेलं. त्याच पायरीवर उभा राहिलो. म्हटलं, "सेठ, दो साल पहले यहाँ मैंने चंदर को दारू का बोला था. झूठ था. उस दिन उसको हार्ट का दर्द था, हाथ में. मैंने देखा और हँसा."

सेठ चष्मा काढून बघत राहिला. एका बाईने साडी तशीच हातात धरून ठेवली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तिथे कोण होतं मला माहीत नाही, बहुतेक कोणीच नसेल. मागून नोकर म्हणाला, "किसको बोल रहा है ये?" सेठ त्याला म्हणाला, "चुप कर. बोलने दे." आणि मला म्हणाला, "बैठ साईं. पापड खा." पापड मी खिशात घालून आणला. चुरा झाला.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुला सध्या ताण नको.

वाचून राग आला तर वेणूला सांग, पुढचं पान वाचू नको. चुलीत घाल. मी येणार नाही, डबा तेवढा ओट्यावर ठेवून जाईन.

जयदेव


८ एप्रिल
घरून

जयदेव,

(मी वेणू लिहितेय. बाबा सांगतायत. त्यांनी बजावलंय, मधे माझं काही घालायचं नाही.)

पत्रं वेणूने वाचून दाखवली. तीन दिवस लागले, कारण माझी आई मधेच उठून जायची आणि आल्यावर मागचं परत वाचायला लावायची. (आजी म्हणते, ती रडली नाही. लिही म्हणाली.)

मला सगळं आधीपासून माहीत होतं असं समजून फुगू नकोस. पंधरवडाभर मला खरंच शंकर वाटला. मी म्हटलं, बघा, माणूस कसा सुधारतो. मग बाटलीवर चिठ्ठी आली, 'सकाळ'. तो स मी तुला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर सहा महिने काढायला बसवला होता. शंकरला स्वतःची सही येत नाही. तुझ्या वहिनीला मी काही बोललो नाही. ती इतक्या मन लावून खोटं बोलत होती, म्हटलं चालू दे. जेवायला मुद्दाम बोलावला त्याला. तू पत्र्यामागे होतास ते कोथिंबिरीच्या वासावरून कळत होतं. हसू दाबून माझे टाके दुखले. शर्टपीस त्याला दिला, कारण तो बिचारा घामाघूम झाला होता. आणि मरून तुला अजिबात चांगला दिसत नाही, हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं.

हाताचं म्हणशील तर मला माहीत नव्हतं, माझ्या बायकोला माहीत नव्हतं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरला माहीत नव्हतं. तुला कुठून माहीत असणार. ते ओझं टाक खाली.

पण दारूचं बोललास. ते माझं दुखणं होतं आणि तुला ठाऊक होतं. दुकानात जाऊन सांगितलंस, बरं केलंस. सेठ काल इथे येऊन सगळी नक्कल करून गेला. त्याने मला वाईटही वाटलं. पण राग गेला असं मी खोटं सांगणार नाही. राग आहे. भरपूर आहे. (बाबा इथे थांबले. पाणी प्यायले.)

डॉक्टरांनी तीन महिने रागवायला मना केलंय, म्हणजे चौदा जूनपर्यंत. तोवर मला रोज संध्याकाळी चालायला सांगितलंय, आणि एकट्याला कोणी सोडत नाही. तुझी वहिनी पुढे पळते. वेणू पावलं मोजते आणि भाषण देते. (देत नाही.) शंकरला बोलावलं होतं, तो म्हणाला, दाजी, त्यापेक्षा रिक्षा करू. तेव्हा उद्यापासून साडेपाचला तू ये. पुढच्या दाराने. दोन वर्षांत काय काय झालं ते सांग, मी ऐकेन, मला तसंही जास्त बोलायला मना आहे.

चौदा जूनला मात्र मी तुला शिव्या घालणार आहे. सगळ्या, पहिल्यापासून, चाळीला ऐकू जातील अशा. शुक्रवार येतोय, मी बघितलं. रजा टाकून ये.

चंदर